दुदारी कोठीत पुसलेल्या पाटीची हकीकत

श्रीस्मृतिदेवीस साष्टांग दंडवत. तिचे कृपेने लिहिलेले राहो, राहिलेले वाचले जावो, आणि वाचल्यावाचून कोणाचे काही पुसले न जावो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, शुक्रवार, भर दोन प्रहरी आमचे राज्यात जो अघोर प्रकार जाहला त्याची हकीकत ऐसीजे. लिहिणाराचे नाव कोणी विचारू नये. विचारिल्यास सांगणार नाही. आम्ही त्या दिवशी जागेवर हजर होतो, कोणते कामावर होतो ते पुढे येईलच, लपवून सुटका नाही. अक्षर वाकडे आले तर सांभाळून घ्यावे.

राज्य कोणते म्हणाल, तर राज्यास नाव नाही. यंत्राचे पोटात, तळहातावर मावेल एवढ्या जागेत वसलेले आहे. मध्यभागी गड आणि गडाखाली पेठ. बाहेरील लोक गडास, यंत्राचा गाभा या अर्थी, कर्नल म्हणतात, पेठेतील कामकरी मंडळीस अ‍ॅप म्हणतात, आणि पेठकरी ज्या धूळपाटीवर आपला मजकूर लिहून गडास दाखवितात त्या पाटीस बफर म्हणतात. हे शब्द एकदा लिहिले, पुन्हा लिहिणार नाही, जीभ अडखळते. तर पेठेतील कोणास दिवा लावणे असो, वेशीबाहेर निरोप धाडणे असो, राहावयास खोली मागणे असो, सर्व काही गडाचे हुकुमाने. जमीन गडाची, वाटा गडाच्या, वेशीच्या किल्ल्याही गडाच्या. पेठकऱ्याने गडात पाऊल टाकू नये आणि गडकऱ्याने पेठेची पाटी हातात घेऊ नये, ऐसा वडिलांपासून सिरस्ता. मग कामे चालावी कैसी? तर मधल्या भिंतीस एक खिडकी होती आणि खिडकीत नकलनवीस बसत. पेठकऱ्याने पाटीवर दोन ओळी लिहून आणाव्या, वरल्या ओळीत कोणाविषयी ते आणि खालल्या ओळीत काय करावे ते, आणि नकलनविसाने ती पाटी बघून आपले पाटीवर अक्षर न अक्षर उतरून घ्यावी, आणि ती नक्कल गडावर जावी, आणि गडाने जे काही करणे ते नकलेवरून करावे. पेठकऱ्याची पाटी पेठकऱ्याची, गडाची नक्कल गडाची. खिडकीतला माणूस मान फिरवी तेव्हा नक्कल उतरली असे समजावे, आणि पेठकऱ्याने आपली पाटी पुसून पुढचा मजकूर लिहावयास मोकळे व्हावे. पेठेत पाट्या थोड्या आणि अर्ज फार, म्हणून मान फिरली की पाटी पुसली, ही सवय लोकांचे हाडीमासी खिळली होती. निजेतसुद्धा हात हवेत पुसत.

खिडकीत मुख्य नकलनवीस सदोबा. वयाने थकले, बोटे वाकडी झालेली, पण अक्षर असे की मूळ कोणते आणि नक्कल कोणती हे लिहिणारासही ओळखू येऊ नये. आम्ही त्यांचेच हाताखाली तयार झालो. आणि पेठेकडून अर्ज लिहिण्यात पहिली भिवराक्का. तिचा धंदाच तो, ज्यास लिहिता येत नाही त्याचे अर्ज तिने लिहावे. बाकीचे लोक आधी सारी पाटी पुसत आणि मग लिहीत, पण भिवराक्काचे कसब निराळे. ती वरली ओळ पुसे आणि लगेच तेथे नवी ओळ लिही, मग खालली पुसे आणि ती लिही, म्हणजे धूळ पसरावयाचा वेळ वाचतो. सदोबा तिची थट्टा करीत, "अगं भिवरा, तुझ्या हाताला काय इंगळी डसली काय? माझी मान अजून पुरती फिरली नाही आणि तुझी ओळ गेली!" ती म्हणे, "बाबा, तुम्हीच म्हातारे झालात, मी काय करू?" आणि दोघे हसत. तिचा धाकटा भाऊ निंबाजी, तो पेठेचा वाटाड्या. कोणाचे दार कोठे, कोणती वाट बंद, कोणती उघडी, हे त्यास तोंडपाठ, आणि आमचे राज्यात माणसास जे ठाऊक ते सारे त्याचे घराचे खोल्यांत ठेविलेले असते. त्यास लिहिणे वाचणे आक्कानेच शिकविले होते, आणि तो चारचौघांत सांगे, "आमच्या आक्काकडून शिकणं म्हणजे शिक्षाच होती हो. ती लिहायची, मी पहिलं अक्षर लावतोय तोवर पाटी साफ! मी भोकाड पसरायचो, पुसू नको गं आक्का, मी अजून वाचली नाही. पण ऐकते कोण!" यावर भिवराक्का त्याचे डोकीत टपली मारी. ऐसा तो काळ होता.

मग काय जाहले, गडावर लखमापंत कारभारी आले. माणूस हुशार, कामाचा झपाटा मोठा, पण उभ्या उभ्या जेवणारा. त्यांनी खिडकीपुढील रांग पाहिली आणि कपाळास हात लाविला आणि खासा गडस्वामींपुढे अर्ज केला की, "महाराज, एकच मजकूर पेठेत लिहायचा, खिडकीत पुन्हा लिहायचा, आणि उत्तर आले की परत तोच खेळ उलट दिशेने. राज्याचा अर्धा दिवस अक्षरे या पाटीवरून त्या पाटीवर वाहण्यात जातो. हमाली आहे ही! त्यापेक्षा भिंतीत एक कोठी बांधू, तिला दोन दारे करू, एक पेठेकडे आणि एक गडाकडे. पेठकऱ्याने पाटी त्या कोठीत ठेवावी आणि गडाने तेथेच वाचावी. पाटी एक, वाचणारे दोन. नक्कल नको, नकलनवीस नको." दरबार थक्क जाहला. मग स्वामींनी सदोबांस विचारिले. सदोबा उठून उभे राहिले आणि म्हणाले, "स्वामी, पंतांचे म्हणणे खोटे नाही, वेळ जातो. पण नक्कल म्हणजे नुसती हमाली नव्हे. पेठकऱ्याचा हात पोहोचणार नाही अशा जागी शब्द ठेवणे, याचे नाव नक्कल. एका पाटीवर दोघांचा हात आला की ती पाटी कोणाचीच नाही." त्यावर लखमापंत हसून बोलिले, "आजोबा, पेठेतील लोक काय चोर आहेत?" सदोबा म्हणाले, "चोराची भीती नाही पंत. भीती सवयीची. चोर एकदा येतो, सवय रोज येते." लोक हसले. म्हाताऱ्यास जागा जाण्याचे दुःख आहे, ऐसे सर्वांनी मनात आणिले. खरे सांगणे तर आम्हीही आणिले.

कोठी बांधिली, तीस दुदारी कोठी असे नाव पडले. आणि काय सांगावे, राज्याचा कायापालट जाहला! चार प्रहरांचे काम एका प्रहरात. रांग नाही, ओरड नाही, पेठेतून पाटी आत आली की गडावर दिवा लागला. नकलनवीस सगळे दुसऱ्या कामांस लाविले. आम्हांस बढती मिळाली. सदोबांस मात्र म्हणाले, आता घरी बसा. ते घरी बसले नाहीत. कोठीस हवेकरिता एक जाळी ठेविली होती, तिच्याबाहेर ओट्यावर येऊन बसत आणि जाळीतून आतल्या पाट्या दिसत त्या खापरीच्या तुकड्यांवर उतरून घेत. कोणी सांगितले नाही, कोणी मागितले नाही. आम्ही एकदा विचारिले, "सदोबा, आता हे कशाला?" तर म्हणाले, "अरे, हात थांबत नाही त्याला मी काय करू? सारी हयात हेच केलं. भिवराची पाटी हलली की माझा हात आपोआप हलतो." येणारे जाणारे हसत, सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही म्हणत. आम्हीही हसलो. देवा, त्या हसण्याची क्षमा असो.

आता तो दिवस. मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, सूर्य डोक्यावर. पेठेत जागेची फार टंचाई, आणि वेशीवर एक तमाशाचा फड बिऱ्हाड मागत केव्हाचा खोळंबला होता, ढोलक्या, पडदे, मशाली, पन्नास माणसे. तेव्हा गडावरून ताकीद की जे कोणी सोडून गेले त्यांची घरे कळवावी म्हणजे फडास जागा देता येईल. कोपऱ्यावरील हैबती गारुडी पेठ सोडून गेला होता. सबब भिवराक्का पाटी घेऊन दुदारी कोठीत आली, वर लिहिले, हैबती गारुडी, आणि खाली लिहिले, घर रिकामे आहे, मोकळे करून घ्यावे. गडाकडील दारात रिवाज ऐसा की आधी पारख्याने पाटी वाचावी, मजकूर खरा की खोटा पाहावा, आणि खरा असल्यास आत वळून अंमलदारास हाक द्यावी, आणि अंमलदाराने येऊन पाटी वाचून हुकूम बजावावा. पारख्याने वाचिले. हैबती गेला ते खरे, घर रिकामे ते खरे. पारखी वळला आणि हाक दिली, "बरोबर आहे, या!" पारखी कोण, हे आता सांगणे प्राप्त आहे. पारखी आम्ही. आमची मान फिरली. इतकेच आम्ही केले. आणि भिवराक्काने आमची मान फिरलेली पाहिली आणि जन्माची सवय, तिचा हात पाटीवर गेला.

कारण पुढचा अर्ज तिचे डोक्यात तयार होता. सकाळीच निंबाजी तिला म्हणाला होता, "आक्का, वाटा फार झाल्या, घरात मावत नाहीत. माझ्यासाठी एक खोली माग ना." तर तिने वरली ओळ पुसली आणि तेथे लिहिले, निंबाजी वाटाड्या. खालली ओळ अद्याप पुसावयाची होती. तेवढ्यात शेजारीण दारातून म्हणाली, "अगं भिवरे, पदर सांभाळ, धुळीत पडलाय." आणि तिने पदर झटकला. बस्स, पदर झटकावयास लागतो तेवढा वेळ. त्या वेळात अंमलदार आला आणि त्याने पाटी वाचली, आणि पाटीवर स्वच्छ अक्षरात लिहिलेले होते, निंबाजी वाटाड्या, घर रिकामे आहे, मोकळे करून घ्यावे. पारख्याने बरोबर म्हटले होतेच. अंमलदाराने शंका कशाची घ्यावी? तो वाचून गेला. मग भिवराक्काने खालली ओळ पुसली आणि लिहिले, एक खोली वाढवून द्यावी. आणि हात झाडून, ओठात गाणे गुणगुणत, ती घरी गेली.

आमचे राज्यात घर मोकळे करणे म्हणजे भिंती पाडणे नव्हे. दारावरील नाव उतरवितात, एवढेच. पण नाव उतरले की ते घर कोणास दिसत नाही, आतील माणूस कोणास दिसत नाही, त्याची हाक कोणास ऐकू येत नाही, आणि त्यास घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. निंबाजी त्या समयी ओट्यावर उभा राहून एका कासारणीस वाट सांगत होता. "सरळ जा, मग डावीकडे," इतके त्याचे शब्द कासारणीने ऐकिले आणि पुढे शब्दच नाही. तिने मान वर केली तो समोर माणूस नाही, ओटा नाही, नुसती जागा. बाई जी किंचाळली, सारी पेठ धावली. आणि गर्दीत भिवराक्का आली आणि म्हणाली, "काय झालं? निंब्या कुठाय?" आणि तिने त्या जागेकडे पाहिले. मग हाताने चाचपू लागली, जसे आंधळे माणूस भिंत शोधते. "इथंच होतं हो. इथं उंबरा होता. मी सकाळी इथं बसून भाकरी खाल्ली!" लोकांचे पायांखालची जमीन सरकली. कारण आज निंबाजीचे जाहले ते उद्या कोणाचेही होईल.

भिवराक्का तशीच धावत गडाचे दारी आली आणि तिने दार बडविले, आणि तत्काळ चौकशी बसली. खासा स्वामी बसले, लखमापंत उभे राहिले. अंमलदार म्हणाला, "पाटीवर निंबाजीचे नाव होते, मी या डोळ्यांनी वाचले." आम्ही म्हणालो, "पाटीवर हैबतीचे नाव होते, मी या डोळ्यांनी वाचले." भिवराक्का म्हणाली, "अहो, माझ्या पाठच्या भावाचं घर मोडा असं मी लिहीन का? मी खोली मागितली हो, खोली!" आणि पाटी आणून पाहतात तो तिजवर खरेच लिहिलेले, निंबाजी वाटाड्या, एक खोली वाढवून द्यावी. लखमापंतांचा चेहरा पांढरा पडला. एक पाटी, तीन माणसे, तीन मजकूर, आणि तिघेही देवाची शपथ घेतात! मग अंमलदारावर ओरड जाहली की हा खोटारडा, याने फडाकडून लाच घेऊन जागा मोकळी केली. तो रडकुंडीस आला, तोंडात मारून घेऊ लागला. मग कोणी म्हणाले, पारखीच आंधळा. ते आम्ही ऐकून घेतले. मग एक दीडशहाणा म्हणाला, बाईनेच भावाची जागा बळकावण्यास लिहिले आणि मागाहून फिरविले. हे ऐकताच भिवराक्का त्याजकडे नुसती बघत राहिली. तिला राग आला नाही, रडूही आले नाही. आपले हाताकडे पाहू लागली. आणि हळूच म्हणाली, "पुसली मी. पुसली का हो मी आधी?" आणि तेव्हा आमची मान फिरली ती वेळ आम्हांस आठवली.

परंतु गडाचा कायदा ऐसा की हुकूम फिरवावयाचा तर ज्या मजकुरावरून हुकूम जाहला तो मजकूर पुढे ठेवावा. स्वामी म्हणाले, "आम्हांस सर्व दिसते आहे, पण कशावरून फिरवू? मूळ मजकूर कोठे आहे?" मूळ मजकूर धुळीत गेलेला. पूर्वी ऐसे जाहले असते तर नक्कल काढून क्षणात निवाडा होता. आता नक्कल नाही, नकलनवीस नाही. आणि वेशीकडून ढोलकी ऐकू आली. लखमापंत दचकून म्हणाले, "हा आवाज कसला?" तर शिपाई म्हणाला, "सरकार, जागा मोकळी झाली म्हणून फडाला आत सोडलं. सामान लावतायत." हे ऐकताच भिवराक्काने टाहो फोडिला. कारण घराचे नाव उतरले म्हणून आतले पुसले जात नाही, सगळे जेथल्या तेथे असते, माणूसही असतो, जुने बोलणेही असते. परंतु नवा बिऱ्हाडकरू ज्या जागी आपली वस्तू ठेवील त्या जागचे जुने कायमचे गेले. ढोलकी ठेविली की तेवढा निंबाजी गेला. पडदा टांगला की तेवढा गेला. "थांबवा हो त्यांना," ती म्हणत होती, "कोणी तरी थांबवा, माझा भाऊ आत आहे, त्याच्या अंगावर सामान ठेवतायत!" आणि सारा दरबार कायदा कवटाळून उभा. शरमेची गोष्ट, पण उभे होतो.

इतक्यात गर्दी सारून सदोबा आले. पदरात खापऱ्या. धापा टाकीत म्हणाले, "हे घ्या," आणि तीन खापऱ्या स्वामींपुढे ओळीने मांडिल्या. पहिलीवर, हैबती गारुडी, घर रिकामे आहे, मोकळे करून घ्यावे. दुसरीवर, निंबाजी वाटाड्या, घर रिकामे आहे, मोकळे करून घ्यावे. तिसरीवर, निंबाजी वाटाड्या, एक खोली वाढवून द्यावी. अंमलदार दुसऱ्या खापरीवर बोट ठेवून हुंदके देऊ लागला, आम्ही पहिलीवर. तिघेही खरे बोलत होते! कोणी खोटे बोलिले नाही, कोणी चोरी केली नाही, आणि एका जित्या माणसाचे घर उतरले. आम्ही आयुष्यात पुष्कळ लबाड्या पाहिल्या, पण त्या खऱ्या बोलण्याइतका धसका कशाचाच घेतला नाही. लखमापंत मटकन खाली बसले. सदोबांनी त्यांजकडे पाहिले नाही. ते स्वामींस म्हणाले, "फिरवा, महाराज, मग दम घेऊ." स्वामींनी हुकूम फिरविला आणि स्वतः जोडे न घालता धावले, आणि मागे आम्ही सर्व धावलो.

फडाचे लोक बिचारे गाणी म्हणत सामान लावीत होते, त्यांस काय ठाऊक! पहिल्या खोलीत मशाली आणि पडदे लागले होते. दुसऱ्या खोलीत ढोलक्या, पेट्या, घुंगरांची गाठोडी. एक बाई तिसऱ्या खोलीत पेटी घेऊन जात होती, तिचा पाय उंबऱ्यावर आणि पेटी हातात, तोच स्वामी ओरडले, "ठेवू नको!" बाई जागीच गोठली. मग फडाचे सामान बाहेर काढून नाव पुन्हा दारावर चढविले आणि घर दिसू लागले. पहिली खोली, जेथे निंबाजी साऱ्या वाटा ठेवीत असे, ती कोरी. दुसरी खोली, जेथे त्याची पेठ, त्याचे शेजारी, त्याची मोठेपणाची सारी वर्षे होती, ती कोरी. तिसरी मात्र, जेथे त्याचे लहानपण होते, ती होती तशी, आणि तिसऱ्या खोलीत भिंतीस टेकून निंबाजी बसला होता. अंगाने धड, कोठे खरचटलेही नाही. कासारणीने आनंदाने हाक मारली, "निंबाजी, अरे माझी वाट अर्धीच सांगितलीस!" त्याने तिच्याकडे पाहिले आणि भिऊन भिंतीकडे सरकला.

मग भिवराक्का त्याजपुढे बसली. केस सुटलेले, तोंडावर धूळ, आणि म्हणाली, "निंब्या, अरे मी." त्याने तिजकडे निरखून पाहिले, त्या पिकल्या केसांकडे, आणि ओळख लागेना. पण पोर मूळचे मायाळू. म्हणाला, "बाई, तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही, पण रडू नका. आमची आक्का इथंच कुठंतरी आहे, एवढी एवढी आहे, दोन वेण्यांची. पाटी लिहितेय. तिला माझा एक निरोप सांगाल का?" भिवराक्का म्हणाली, "सांगते. काय सांगू?" तो म्हणाला, "ती फार भरभर पुसते हो. तिला म्हणावं, पुसू नको, मी अजून वाचली नाही." स्वामी तोंड फिरवून उभे राहिले. भिवराक्काने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि एकात एक घट्ट धरिले आणि म्हणाली, "सांगते हो. नाही पुसायची ती."

सारांश. दुदारी कोठी मोडिली नाही, कारण गतीची गोडी लागली ती सुटत नाही. परंतु तीत घंटा बांधिली आहे. ज्याने पाटी ठेविली त्याने हात मागे धरून उभे राहावे, आणि गडाने एकदाच वाचून, आपले पाटीवर उतरून, घंटा वाजवावी, आणि घंटा वाजल्यावाचून कोणी धुळीस बोट लावू नये. चौकटीवर स्वामींनी निंबाजीचाच निरोप कोरविला आहे, पुसू नको, मी अजून वाचली नाही. लखमापंत रोज सकाळी ती घंटा स्वतः पुसतात, कोणाशी फारसे बोलत नाहीत. आम्ही पारखीपण सोडून सदोबांपाशी नक्कल करावयास बसलो. भिवराक्का अर्ज लिहीत नाही. दर दिवशी पाटीवर पेठेतील एक वाट लिहिते, आणि निंबाजी एक एक अक्षर लावीत वाचतो, आणि ती हात मागे बांधून बसते, कितीही वेळ लागो. काल त्याने हैबतीचे कोपऱ्यापर्यंत वाट बिनचूक सांगितली. तिला अद्याप बाई म्हणतो. इतके लिहून आम्हीही हात मागे घेतला आहे. आपले वाचून जाहले म्हणजे घंटा वाजवावी.